रात्रपाळी आणि वैद्य

आपल्यापैकी अनेक जण दिवसा स्वतःचे चिकित्सालय सांभाळून रात्री खासगी रुग्णालयात पाळी करतात. कर्जाचे हप्ते असतात; त्यात कमीपणा नाही. परंतु जागरणाने वात वाढतो असे रुग्णास बजावणारे आपण सकाळी चहा घेऊन थेट नाडी पाहावयास बसतो. सवय नसता जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी, न जेवता, झोपावे असे वाग्भटांनी अष्टांगहृदयात सांगितले आहे. सहा तासांस तीन तास! मी दोन वर्षे हे पाळले नाही. घरातील चिडचिड, मनाची उद्विग्नता पित्तावर ढकलीत राहिलो. माझ्या मते पाळीच्या दुसऱ्या दिवशी चिकित्सालय सायंकाळीच उघडावे व तसे फलकावर लिहावे. औषधी दुकानदार बंधूंनीही, तातडी नसल्यास, रुग्णास तीच वेळ सांगावी. दूरध्वनी करून वैद्यास उठवू नये.