गुण आला, पण कोणाच्या तुलनेत?

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. गोड बातमी होती, आनंद झाला. मग हळूच म्हणाली, "मामा, गर्भसंस्काराचा क्लास लावलाय. अठरा हजार फी आहे, पण पोटातल्या बाळाला रोज ठराविक संगीत ऐकवलं की बुद्ध्यांक वाढतो. तिकडे अमेरिकेत मोझार्टवर सिद्धच झालंय म्हणे!"

अमेरिकेचं नाव निघालं की आमच्यासारख्यांना साक्षीला उभं करतात. तर ही घ्या माझी साक्ष.

१९९८ च्या जानेवारीत आमच्या जॉर्जिया राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची भेट देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. पुढच्या वर्षी आमची कन्या जन्मली आणि बाळंतविड्यासोबत अशी एक सीडीही घरी आली. मी ती इमानेइतबारे रोज लावली. पोरगी लवकर बोलायला लागली. झालं! ऑफिसात सांगत सुटलो, "मोझार्टचा गुण आला!"

मूळ शोधनिबंध वाचला तो बऱ्याच उशिरा, आणि चांगलाच वरमलो. १९९३ साली 'नेचर'मध्ये आलेला जेमतेम पानभराचा मजकूर. त्यात कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते. त्यांना १० मिनिटं मोझार्ट, १० मिनिटं मन शांत करणारी टेप आणि १० मिनिटं शांतता असे तिन्ही प्रकार देऊन प्रत्येक वेळी आकृत्यांची कोडी घातली. मोझार्टनंतरचे गुण बुद्ध्यांकाच्या भाषेत ८-९ अंकांनी जास्त भरले. बाळ एकही नव्हतं, गर्भवती एकही नव्हती, आणि परिणाम टिकला १०-१५ मिनिटं. म्हणजे चहाचा कप निवेपर्यंत!

पुढे इतरांनी खरा प्रश्न विचारला. मोझार्टची तुलना आपण कशाशी करतोय? शांत बसून कंटाळलेल्या माणसाशी? १९९९ साली कॅनडातल्या नँटे आणि शेलेनबर्ग यांनी मोझार्टसमोर स्टीफन किंगची गोष्ट ठेवली. ज्यांना गोष्ट आवडली त्यांनी गोष्टीनंतर कोडी जास्त चांगली सोडवली, ज्यांना मोझार्ट आवडला त्यांनी मोझार्टनंतर. म्हणजे करामत मन प्रसन्न होण्याची होती. २०१० साली तर खुद्द व्हिएन्नाच्या, म्हणजे मोझार्टच्याच कर्मभूमीतल्या, संशोधकांनी सुमारे ४० अभ्यास आणि ३००० माणसांचे आकडे एकत्र तपासले. मोझार्टची अशी खास जादू काही हाती लागली नाही.

आता माझंच बघा. ऑफिसात सर्किटमधला एक कपॅसिटर बदलला तरी बाकी सगळं तसंच ठेवून आधीचं-नंतरचं मोजमाप घेणारा मी. घरी मात्र एकच मुलगी, एकच सीडी आणि परीक्षक कोण, तर बाप! सीडी नसती तर ती कधी बोलली असती, हे मला कुठे ठाऊक होतं?

भाचीच्या क्लासचंही तेच. "शेकडो मातांना अनुभव आलाय." अहो, अठरा हजार भरणारी आई डॉक्टरकडे वेळेवर जाते, नीट खाते, पुढे मुलाला पुस्तकं आणते. तिचं मूल क्लासशिवायही हुशार निघालं असतं. ज्यांचं निघालं नाही त्या अनुभव लिहून पाठवत नाहीत. आणि पैसे मोजलेल्या आईला बाळ तेजस्वी दिसणारच!

खरंच तपासायचंय? २०० गर्भवती घ्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, कोणी कुठे जायचं ते ना त्यांनी ठरवायचं ना तुम्ही. एका गटाला तुमचं संगीत, दुसऱ्याला तेवढाच वेळ छान गोष्टी. काय मोजायचं ते आधीच लिहून ठेवा. आणि मुलांना तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते कळू देऊ नका.

हे काही साहेबाचं फॅड नाही. २००८ साली आपल्या पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची अशीच चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या १०० आणि बौद्धिक दिव्यांग मुलांच्या १०० कुंडल्या, सगळ्या सांकेतिक क्रमांकाखाली. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर! नाणं उडवूनही ५० टक्के आले असते. पण महत्त्वाचं म्हणजे ज्योतिषी जिंकू शकतील अशी ती चाचणी होती. हरण्याची जागा ठेवते तीच चाचणी. क्लासवाल्यांनी ती जागा कुठे ठेवलीय?

"पण गाणं ऐकून नुकसान काय?" असं तुम्ही म्हणाल. गाण्याने काहीच नाही. भाचीने भीमसेन ऐकावा, मोझार्ट ऐकावा, जीव रमेल ते ऐकावं. नुकसान पुढे आहे. उद्या मूल चौथीत गणितात मागे पडलं, की घरातले तिलाच विचारणार, "तेव्हा नीट ऐकलं होतंस ना? मधे चार दिवस चुकवलेस ना?" न तपासलेल्या दाव्याची ही खरी फी, आणि ती आईच्या नावावर चढते. याचा मला संताप येतो.

मी भाचीला एवढंच म्हणालो, "त्यांना विचार, गुण आला तो कोणाच्या तुलनेत?" तिने विचारलं. उत्तर आलं, "शंका घेतली की परिणाम कमी होतो."

फी आधीच भरलेली. परत मिळत नाही म्हणे.