तोंड येतं ते घरी

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका



'तोंड आलंय' म्हटलं की आपल्याकडे कुणी दचकत नाही. उष्णता झाली असेल, सब्जा प्या, तुरटीच्या गुळण्या करा, बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणा. केमोथेरपी घेणाऱ्याचं तोंड येतं तेव्हाही घरचे हेच म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. ही उष्णता नव्हे. फाइव्ह-एफयू, मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर तोंडाच्या अस्तरातल्याही मरतात आणि अस्तर सोलवटतं. नेहमीच्या केमोत दहापैकी सुमारे चौघांना हा त्रास होतो. औषध दिल्यावर पाच ते दहा दिवसांत चट्टे दिसतात, भरून यायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे औषध परळच्या टाटा रुग्णालयात चढतं आणि तोंड येतं कफ परेडच्या मच्छीमार नगरात. जिथे तोंड येतं तिथे पालिकेचा दवाखाना सज्ज हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

सुक्या बोंबलाची चटणी, कोळी मसाल्याचं लालभडक कालवण हे रोजचं जेवण असलेल्या घरात चट्टे पडलेल्या तोंडाला पहिलाच घास झोंबतो. माणूस पेजेवर येतो, मग पाण्यावर. तोंड येण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत फक्त पातळ जात असेल तर तिसरी पायरी, काहीच जात नसेल तर चौथी. ताजा बोंबील तिखटाशिवाय वाफवून, काटा काढून मऊ भातात कालवता येतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण कुणीतरी सांगावं लागतं. मशेरी बंद करा, हेही.

हे काम टाटा रुग्णालयाचं, असं आपले अधिकारी म्हणतील. 1941 पासून परळला उभ्या असलेल्या त्या रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. घोट गिळता येत नसलेल्या माणसाने दर वेळी बस, मग लोकल करून तिथे रांग लावावी का? दुसरा आक्षेप, हे आपोआप बरं होतं. होतं, पण बऱ्याचदा त्याच दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घटलेल्या असतात आणि फाटलेल्या अस्तरातून जंतूंना वाट मिळते. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं. म्हणून पॅरासिटामॉलआधी थर्मामीटर, नाहीतर ताप झाकला जातो. शिवाय तोंड फार आलं की पुढचा डोस लांबतो किंवा कमी करावा लागतो, म्हणजे मूळ उपचारालाच कात्री. आमचे डॉक्टर कर्करोगतज्ज्ञ नाहीत, हा तिसरा आक्षेप. बॅटरी घेऊन तोंडात बघायला आणि कधी परळला धाडायचं ते ओळखायला तज्ज्ञ कशाला?

एक गोष्ट मात्र रुग्णालयातच व्हायला हवी. फाइव्ह-एफयू एकदम टोचून देतात तेव्हा अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात घोळवले तर रक्तवाहिन्या आकसतात, औषध तोंडात कमी पोचतं, चट्टे कमी येतात; 1991 साली अमेरिकेतल्या चाचणीत हे दिसलं. सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर मात्र हा उपाय नको, त्या औषधावर गार सोसत नाही. आणि बर्फ पिण्याच्या पाण्याचा हवा, मासळीच्या खोक्यातला नव्हे.

तेव्हा आयुक्तसाहेब, सुरुवात मच्छीमार नगराजवळच्या पालिका दवाखान्यापासून करा. गुळण्यांसाठी मीठ आणि खाण्याचा सोडा, मऊ ब्रश, तोंड बधिर करणारं जेल, थर्मामीटर आणि केमोची तारीख लिहिलेलं एक कार्ड, एवढंच सामान लागेल.

आपला नम्र,
एक मुंबईकर