मृगाची पेरणी आणि कॉलेजची फी



नांगरटी आटोपत आल्या. आता बारावीचा निकाल लागेल आणि पाठोपाठ घरात दोन खर्च एकदम उभे राहतील. वावरात बी-खत आणि शहरात पोराचा किंवा पोरीचा प्रवेश. शिक्षणाचा खर्च आपल्याला रकमेने जड जातोच, पण त्याहून अधिक तो अवेळी येतो म्हणून जड जातो. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला, कापसाचा त्यानंतर, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. फी मात्र जुलै-ऑगस्टात मागतात, जेव्हा होते नव्हते ते मातीत गेलेले असते.

मग काय होते, तर पीक कर्जातून फी भरली जाते. हे करू नका. आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर शून्य टक्क्याने पडते. तो पैसा कॉलेजकडे वळला आणि मुदत हुकली, की व्याजाची सवलत जाते व पुढील हंगामाचे कर्जही अडते. एका प्रवेशापायी दोन हंगाम बिघडतात.

शंभरेक वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातील पापळच्या एका शेतकऱ्याने मुलाला विलायतेला शिकायला पाठविण्यासाठी जमीन गहाण टाकली. मुलगा हुशार, एडिनबर्ग विद्यापीठाची शिष्यवृत्ती त्याने मिळविली, तिच्या आधाराने पुढे ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली, बॅरिस्टरही झाला. हे डॉ. पंजाबराव देशमुख, १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री. बापाची जमीन, मुलाची शिष्यवृत्ती, अशी दोन टोके जोडून ते शिक्षण झाले. तेव्हा जोडायला तेवढेच होते. आज धागे पुष्कळ आहेत, म्हणून सातबारा गहाण टाकण्याचा विचार सर्वांत शेवटी यावा.

पहिला धागा फीचा. समजा, काटोल तालुक्यातल्या एका घरी बहीण-भाऊ एका वर्षाच्या अंतराने बारावी झाले आहेत. अशा घरी बहुधा ठरते काय? मुलगा इंजिनिअरिंगला जाईल, मुलीने जवळच्या कॉलेजात बी.ए. करावे. खर्चाचे कारण सांगून हा निर्णय होत असेल तर तो हिशेब आता चुकतो. २०२४-२५ पासून इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना, घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण शिक्षण फी व परीक्षा फी शासन देते. याच घटकांतील मुलाला शिक्षण फीची अर्धी सवलत मिळते. म्हणजे मुलीचेच शिक्षण घराला स्वस्त पडते. आईने हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवावा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्ती व फी माफीच्या योजना वेगळ्या आहेत.

यात एक मोठी अट आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. एखादा मध्यस्थ म्हणतो, "काका, कशाला फेऱ्यांची वाट पाहता, व्यवस्थापन कोट्यातून आजच जागा देतो." त्या दिवशी सवलत गेली असे समजावे. खासगी अभिमत विद्यापीठांनाही ती लागू नाही. पैसे देण्याआधी हे विचारा; पावती फाटल्यावर विचारून उपयोग नाही.

फी सुटली तरी राहणे-खाणे सुटत नाही. नागपुरात खोली व खानावळ मिळून महिना ६,००० रुपये धरले, तरी दहा महिन्यांचे ६०,००० होतात. म्हणून कॉलेजइतकीच घाई वसतिगृहाच्या अर्जाची करा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि त्याला नाव पंजाबरावांचेच आहे. गाव जवळ असेल तर एस.टी.चा विद्यार्थी पास काढा. त्याला भाड्याचा तिसरा हिस्साच पडतो. कळमेश्वर-सावनेरच्या मुलाला खोलीची गरज आहेच का, हे आधी पाहावे.

या रकमा खात्यात येतात, पण वेळेवर येतीलच असे नाही. मधला काळ कशाने काढायचा? यावर घरचा उपाय असा, की हरभरा किंवा तूर सगळी एकदम विकू नये. काही पोती जुलैसाठी ठेवावीत. तेव्हा भाव पडलेला दिसला तर बाजार समितीत शेतमाल तारण ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजाने उचल मिळते. दुसरा आधार बचत गटाच्या अंतर्गत कर्जाचा. दोन बोकड विकून पहिला हप्ता भरणारी घरे मी पाहिली आहेत आणि त्यात काही कमीपणा नाही.

एवढे करूनही कमी पडले तर शैक्षणिक कर्ज काढा. साडेसात लाखांपर्यंत त्याला तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असतात. त्यासाठी कोणी सातबारा मागितला तर विचारपूर्वक नाही म्हणा. घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असून अभ्यासक्रम व्यावसायिक असेल, आणि संस्थेला नॅकचे किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचे मानांकन असेल, तर शिक्षणाच्या काळातील व त्यानंतरच्या एका वर्षाचे व्याज केंद्र शासन भरते. बँकेत हे आपण होऊन सांगतीलच असे नाही. अर्ज देतानाच व्याज अनुदानाचे विचारा.

आता या आठवड्याचे काम. तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घेऊन तहसीलचा दाखला काढा. अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, अल्पभूधारक दाखला, आधार जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते, हे सर्व जूनपूर्वी तयार ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते आणि तिकडे वापसा निघून जातो. जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो; ज्यांची मुले यंदा अकरावीत गेली आहेत त्यांनी तो अर्ज आताच करावा.