पंचविसाव्या भागातला म्हातारा इन्स्पेक्टर



मालिकेतलं नवं पुस्तक हातात आलं की एक सोय असते. नायकाशी ओळख करून घ्यावी लागत नाही. तो कुठे राहतो, काय पितो, कोणावर चिडतो हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. खून कोणाचा झाला हे नंतर पाहू. आधी हा माणूस बरा आहे ना, एवढंच आपण पहिल्या चार पानांत शोधत असतो.

माझ्यासाठी तो माणूस म्हणजे जॉन रीबस. इयन रँकिन या स्कॉटिश लेखकाने त्याला एडिंबरा शहराच्या पोलीस खात्यात आणलं ते १९८७ साली, 'नॉट्स अँड क्रॉसेस' या कादंबरीत. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. २०२४ साली आलेलं 'मिडनाइट अँड ब्लू' हे मालिकेतलं पंचविसावं पुस्तक. परवाच्या शनिवार-रविवारी ते वाचून संपवलं. ऑफिसचा लॅपटॉप दोन दिवस उघडला नाही.

यावेळी रीबस तुरुंगात आहे. चौकशीसाठी गेलेला नाही, कैदी म्हणून आहे. तिथे कसा पोचला ते सांगत नाही, कारण त्यासाठी आधीचं 'अ हार्ट फुल ऑफ हेडस्टोन्स' (२०२२) वाचायची मजा जाईल. तर रात्री कुलूप लागलेल्या कोठडीत एक कैदी मेलेला सापडतो. बंद खोलीतला खून हा रहस्यकथेतला सर्वांत जुना प्रकार. एडगर ॲलन पो याने १८४१ साली लिहिलेली, जगातली पहिली गुप्तहेर कथा म्हणून ओळखली जाणारी गोष्ट याच प्रकारची आहे. पण तुरुंगात ही गंमत उलटी होते. तिथली प्रत्येकच खोली बंद असते आणि किल्ल्या असतात त्या पहारेकऱ्यांकडे! म्हणजे संशय आधी कोणावर जाणार, ते बघा.

रीबसकडे आता ना ओळखपत्र, ना गाडी. वय सत्तरीच्या पुढे, फुप्फुसं अधू, आणि आजूबाजूला पोलिसांवर खार खाऊन असलेले लोक. बाहेर त्याची जुनी सहकारी शिवॉन क्लार्क एका बेपत्ता शाळकरी मुलीला शोधते आहे. दोन धागे कसे जुळतात ते तुम्ही वाचा.

आता मला जे सांगायचंय ते. ही मालिका मला इतकी धरून ठेवते, त्याचं कारण खून नाही. कारण हे की रीबस म्हातारा होतो.

आपल्या घरांतल्या मोठ्या माणसांनी जे नायक वाचले ते म्हातारे होत नसत. माझे आजोबा बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळापहाड किती वर्षांचे, हा प्रश्न आजोबांना कधी पडला नसावा. बाबा सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंदवर वाढले. दर वेळी तीच ऐट, तोच दरारा. वाचक कॉलेजातून नोकरीत जाई, त्याचं लग्न होई, पोट सुटे. नायक मात्र तसाच. त्याचा आधार वाटत असणार. बाहेर काहीही बदलो, हा बदलत नाही.

रँकिनने वेगळा रस्ता धरला. पुस्तकं पुढे सरकली तसं त्याने रीबसचं वयही पुढे सरकवलं. याचा हिशोब लेखकालाच चुकवावा लागला, कारण तिथल्या पोलिसाला साठीला निवृत्त व्हावं लागे. २००७ सालच्या 'एग्झिट म्युझिक'मध्ये रीबसच्या नोकरीचे शेवटचे काही दिवस येतात. मालिका तिथेच संपू शकली असती. पण पाच वर्षांनी 'स्टँडिंग इन अनदर मॅन्स ग्रेव्ह' आलं आणि त्यात रीबस जुन्या, न सुटलेल्या प्रकरणांच्या विभागात साधा कर्मचारी म्हणून फायली चाळताना दिसला. त्यानंतरच्या पुस्तकात तो पोलिसांत परततो, पण खालच्या हुद्द्यावर. जिला त्याने काम शिकवलं ती शिवॉन आता त्याची वरिष्ठ. दोघांनाही ते अवघड जातं आणि दोघंही ते निभावतात.

लेखनाच्या दृष्टीने हे फार कठीण काम आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुन्या प्रॉडक्टची नवी आवृत्ती काढतो तेव्हा दोन ग्राहक समोर असतात. जुन्याची सवय मोडायची नाही आणि नव्याला मॅन्युअल वाचायला लावायचं नाही. मालिकेच्या लेखकाचंही तेच. नव्या वाचकाला जुनी भांडणं दोन ओळींत कळली पाहिजेत आणि माझ्यासारख्याला त्या दोन ओळी पाल्हाळ वाटता कामा नयेत. रँकिन हे बहुतेक वेळा संवादांत उरकतो. कोणीतरी रीबसला टोमणा मारतं, त्यात मागच्या चार पुस्तकांचा इतिहास येऊन जातो.

आता थोडं घरचं. बाबा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. छत्तीस वर्षं एकाच कारखान्यात. पहिले सहा महिने ते सकाळी साडेसहाला तयार होऊन बाल्कनीत उभे राहायचे, कंपनीची बस जाताना बघायला. जुन्या खात्यात फोन करून "तो पंप नीट चालतोय ना रे?" असं विचारायचे. आई वैतागायची. मला मात्र फायलींच्या ढिगाऱ्यातला रीबस आठवायचा. ज्याचं काम हीच त्याची ओळख, त्याच्याकडून काम काढून घेतलं की मागे काय उरतं, हे मला कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकापेक्षा या मालिकेने जास्त नीट दाखवलं.

आणखी एक. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. बाबांचे गुडघे बोलायला लागलेत, पण तळमजल्यावर जायचं नाव काढलं की विषय बदलतात. २०२० सालच्या 'अ साँग फॉर द डार्क टाइम्स'मध्ये रीबसला जिने चढवत नाहीत, म्हणून तो त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर राहायला येतो. रस्ता तोच, आर्डन स्ट्रीट, फक्त खिडकीतून दिसणारं आकाश कमी झालेलं. रँकिन त्यावर रडारड करत नाही. खोकी उचलली जातात, शिवॉन मदतीला येते, कुत्रा नव्या जागेत रुळतो. इतकंच.

बाबा इंग्रजी कादंबऱ्या वाचत नाहीत. म्हणून रात्री जेवण झाल्यावर मी त्यांना ही गोष्ट मराठीतून सांगतो, रोज थोडी. बडोद्यात बसून एडिंबराचा पाऊस मराठीत आणायचा म्हणजे माझीच परीक्षा. 'कोठडी', 'झडती', 'माफीचा साक्षीदार' हे शब्द मला त्यामुळे पुन्हा सापडले. बाबांना ते दारा बुलंदपासून पाठ आहेत. मी अडलो की शब्द ते पुरवतात. तळमजल्याचा भाग सांगून झाला त्या दिवशी ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कुत्र्याला बरं झालं असेल." गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून विचारलं की समोरच्या सोसायटीत खालचा फ्लॅट रिकामा आहे का. मी जास्त काही बोललो नाही. बघून येऊ म्हटलं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझा सल्ला: एकदम पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. त्यात लेखक अजून हात बसवतो आहे. १९९७ सालचं 'ब्लॅक अँड ब्लू' घ्या. ब्रिटनमधल्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेचा गोल्ड डॅगर पुरस्कार त्याला मिळाला होता आणि ग्लासगोतल्या एका खऱ्या, कधीच न उलगडलेल्या खूनसत्राचा धागा त्यात आहे. ते आवडलं तर क्रमाने पुढे जा. 'मिडनाइट अँड ब्लू' शेवटीच वाचा. इतकी पुस्तकं सोबत चालल्यावर तुरुंगाचं दार त्याच्यामागे बंद होतं, तेव्हा ते आपल्यालाही लागतं.

सव्विसावं पुस्तक आलं तर मी घेणारच. रीबस गुन्हेगार पकडेल याबद्दल मला फारशी शंका नसते. त्याला जिना चढवतो की नाही, ते बघायचंय.

तुमच्या घरात कोणत्या मालिकेतला कोण वाचला जायचा, ते आजी-आजोबांना विचारा आणि आम्हाला कळवा. जमलं तर त्यातली एखादी गोष्ट त्यांच्याकडूनच ऐका.