सहावी गाडी आमची होती

मसाई मारात सकाळचे साडेसात. आमच्या गाइडच्या रेडिओवर स्वाहिलीत काहीतरी खरखरलं. मला त्यातला एकच शब्द कळला, ‘दुमा’. म्हणजे चित्ता. धुरळा उडवत आम्ही पोहोचलो, तर गवतात एक मादी दबा धरून बसलेली आणि आसपास आधीच पाच गाड्या. एका प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या, असा तिथला नियम आहे. गाइडने गाडी लांबच थांबवली. म्हणाला, एखादी निघेल, मग जाऊ.

मी म्हणालो, “थोडं पुढे घ्या ना. टिपचं मी बघतो.”

त्याने गाडी पुढे घेतली. आमचं बघून सातवी आली, आठवी आली. समोरची थॉमसन गझेल, म्हणजे आपल्या चिंकाऱ्याची चुलत भावंडं, बिचकून पळाली. मादी उठली आणि निघून गेली. फोटो मात्र झकास आला.

हॉटेलवर परतल्यावर सगळे म्हणाले, हे ड्रायव्हर फार बेशिस्त असतात. मीही मान डोलावली. हा लेख त्या मान डोलावण्याविरुद्ध आहे.

चित्ता मुख्यतः दिवसा शिकार करतो. सिंह आणि तरस त्याची शिकार हिसकावतात, त्यांना टाळायचा हा त्याचा उपाय. पण दिवस म्हणजे आपल्याही सफारीची वेळ. फेम्के ब्रुकहाउस यांनी मारातल्या चित्त्यांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात मादीने एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी केली. पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात ०.२. गाड्यांनी पिल्लं थेट मारल्याचा पुरावा त्यात नाही. आपल्यामुळे आईचं वागणं बदलतं, शिकार हुकते, पोट रिकामं राहतं, अशी शक्यता त्यात मांडली आहे. मी एक हुकलेली शिकार डोळ्यांनी पाहिली, नव्हे, हुकवली.

मुळात ‘साइटिंग’ मोजायची सवय आली कुठून? सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप म्हैस या ‘बिग फाइव्ह’ची यादी शिकाऱ्यांची आहे. पायी शिकार करायला सर्वांत धोकादायक प्राणी कोणते, याची. बंदूक गेली, चेकलिस्ट राहिली. चित्ता त्या यादीत नाही, तरी तो आपल्या चेकलिस्टमधून सुटत नाही.

मी नोटिफिकेशन पाठवणारा कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे दोष टेक्नॉलॉजीवर ढकलणं मला सोयीचं नाही, पण सोपं आहे. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर आणि इतर राष्ट्रीय उद्यानांच्या प्रशासनाने २०१६ मध्ये साइटिंग कळवणाऱ्या ॲप्सना आळा घालायचा विचार केला होता. लोक बातमी कळताच गाड्या दामटत होते. मारात मात्र साधा रेडिओही पुरतो. अलर्ट पाठवणारा कुणीही असो, धावायला सांगणारा गाडीत मागे बसलेला असतो.

“पर्यटनाच्या पैशावरच हे जंगल टिकलंय,” असं कुणी म्हणेल. खरंच आहे. पण पैसा आला की गर्दी येणारच, असं नाही. माराला लागूनच कॉन्झर्व्हन्सी आहेत. तिथे मसाई लोकांच्या जमिनी भाड्याने घेतल्या जातात आणि गाड्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते. तिथलं राहणं महाग पडतं, सगळ्यांना जमणार नाही. नियम पाळायला मात्र पैसे लागत नाहीत.

गाइडचं घर टिपवर आणि आपल्या रेटिंगवर चालतं. नियम आणि गिऱ्हाईक यांत त्याने गिऱ्हाईक निवडलं, तर त्याला बेशिस्त म्हणायचा हक्क गिऱ्हाइकाला नाही. त्यामुळे पहिल्याच सकाळी, गाडी सुरू व्हायच्या आधी त्याला सांगा: “आपल्याला सहावी गाडी व्हायचं नाही. काहीही दिसलं नाही तरी टिप तेवढीच मिळेल.”

मला हे वाक्य सुचेपर्यंत परतीचं विमान पुण्याच्या वाटेला लागलं होतं. तुम्हाला ते वेळेत सुचावं.