लाकूड फोडण्याचे यंत्र : घ्यायचे, पण कोणी आणि कसले?



कृषी प्रदर्शनात हल्ली पॉवर टिलर आणि कडबाकुट्टीच्या शेजारी आणखी एक यंत्र उभे दिसते. ओंडका ठेवायचा, दांडी दाबायची, की तेलाच्या जोराने दट्ट्या सरकतो आणि बाभळीचे खोड काकडीसारखे उभे फाटते. बघणाऱ्याच्या तोंडून "केवढ्याला हो?" हे निघतेच. यंत्र कामाचे आहे यात शंका नाही. तथापि एकेकट्या शेतकऱ्याने ते दारात आणून ठेवण्याजोगे नाही, ते गावाने घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी आपली गरज पाहू. खान्देशातली चूल मुळात पऱ्हाटीवर आणि तुराटीवर चालत आली. त्यांना ना कुऱ्हाड लागते ना यंत्र, गुडघ्यावर मोडली की झाले. भरिताची वांगीसुद्धा पऱ्हाटीवर भाजलेलीच खरी, ओंडक्यावर नव्हे. 2016 साली उज्ज्वला योजना आली, गॅस पुष्कळ घरांत पोहोचला. मग फोडलेले लाकूड लागते कुठे? आंघोळीच्या बंबाला, लग्नाच्या पंगतीला, खापरावरच्या मांड्यांना. एका घराचे असे वर्षाचे लाकूड यंत्रावर एक-दोन दिवसांत फुटून जाईल. उरलेले दिवस यंत्र गोठ्यात गंजत पडायचे, आणि कर्जाचा हप्ता मात्र गंजत नाही!

पण एक जागा अशी आहे की तिथे या यंत्राची खरी गरज आहे, आणि तिच्याविषयी बोलायला आपण कचरतो. स्मशानभूमी. एका सरणाला तीन-चारशे किलो लाकूड लागते. ऐन श्रावणात, भर पावसात कोणाच्या घरी दुःखद प्रसंग झाला, की चारचौघे कुऱ्हाडी घेऊन ओल्या ओंडक्यांशी झगडत असतात. फोडणारे हातही आता गावात कमी झाले. तरणी पोरे सुरत-पुण्याला गेली आणि जे म्हातारे उरले त्यांच्या खांद्यात घण उचलायचे बळ नाही. चिता नीट पेटत नाही, रॉकेल-डिझेल ओतावे लागते, घरच्या माणसांना ते उभे राहून पाहावे लागते. उन्हाळ्यातच लाकूड फोडून, रचून, पत्र्याखाली ठेवले तर ही विटंबना टळते. हे एकट्याचे काम नव्हे, गावाचे आहे.

फोडण्याला घाई का करावी, तेही सांगतो. बाभूळ ओली असताना तुलनेने सुखाने फुटते. वाळली की ती लोखंड होते. शिवाय अखंड ओंडका सालीच्या आत महिनोन्महिने ओला राहतो, फोडलेला लवकर वाळतो. ओल्या सरपणाची काही आग आतले पाणी उकळण्यातच जाते. आपल्या कारखान्याचे बगॅस पाहा. त्यात निम्मे पाणी असते, म्हणून त्याच्या एका किलोची उष्णता वाळलेल्या बाभळीच्या निम्म्याहूनही कमी भरते.

आता निवडीकडे वळू. विक्रेता टन सांगतो. "साहेब, पंधरा टनाचे आहे." टन कसे येतात ते समजून घ्या. सिलिंडर आतून 10 सेंटिमीटर रुंद असेल तर दट्ट्याचे क्षेत्रफळ 78.5 चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला 200 किलो धरला तर जोर झाला 15,700 किलो. हिशोब सरळ आहे. पण वेळ कोणी सांगत नाही. दट्ट्याला 60 सेंटिमीटर पुढे ढकलायला पावणेपाच लिटर तेल लागते. 5 अश्वशक्तीच्या मोटारीवर एवढ्या दाबाने मिनिटाला 9 लिटरच्या आसपास तेल मिळते, म्हणजे नुसते पुढे जायलाच अर्धा मिनिट. वेळ निम्मा करायचा तर मोटार 10 अश्वशक्तीची हवी. यावर तोड म्हणून दोन गतींचे पंप मिळतात. ते रिकाम्या चालीत भराभर सरकतात आणि लाकूड अडले की हळू पण जोराने रेटतात. तेव्हा टनाबरोबर पंप विचारा. गाठीच्या ओंडक्यासाठी जास्त टनाच्या मागे लागू नका. ओंडका फिरवावा आणि कडेकडेने ढलप्या काढाव्यात, कुऱ्हाडवाला हेच करीत आला आहे.

मोटार की ट्रॅक्टर? शेतीची थ्री-फेज वीज ठराविक तासच येते, हे आम्ही सांगायला नको. ट्रॅक्टरवरचे यंत्र शेतात, वखारीत, स्मशानात कुठेही नेता येते. पण पाच अश्वशक्तीच्या कामासाठी पंचेचाळीसचे इंजिन दिवसभर घरघरत ठेवले तर डिझेल पाण्यासारखे जाते. गावात जागा एकच ठरली असेल तर मोटार बरी.

एका प्रकाराला मात्र आमचा साफ विरोध आहे. ट्रॅक्टरच्या मागे गिरमिटासारखा गरगर फिरणारा पोलादी शंकू लावतात, तो लाकडात घुसून ते फाडतो. स्वस्त पडतो, म्हणून भुरळ घालतो. पण धोतराचा सोगा, पदर, उपरणे त्यात सापडले तर सोडवायला क्षण मिळत नाही. मळणीयंत्रांनी किती जणांचे हात नेले हे जुने सभासद जाणतात. त्यापायीच 1983 साली संसदेला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. तेलाच्या यंत्रातही दोन्ही हात दोन दांड्यांवर असल्याशिवाय दट्ट्या हलू नये अशी रचना हवी. युरोपातल्या मानकात ती सक्तीची आहे. आपल्याकडे एक दांडी तारेने बांधून मोकळ्या हाताने ओंडका धरणारे हुशार निघतील, त्यांना यंत्रापाशी उभे करू नये. आणि नळी गळते का हे बोटाने चाचपू नये. त्या दाबाचे तेल कातडीत शिरते.

आणखी एक धास्ती आहे. यंत्र आले की त्याची भूक भागवायला बांधावरच्या झाडांवर नजर जाते. साग, मोह, चिंच, आंबा, खैर, अंजन यांना 1964 च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते. बाभळीला कायदा आडवा येत नाही, म्हणून तीच आधी जाईल. गावाने यंत्र घेतले तर एका बाभळीमागे दोन रोपे लावण्याची अट भाड्याच्या पावतीवरच छापता येईल.

विविध कार्यकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. ग्रामपंचायतीशी बोलून हा विषय तिथे मांडावा. विक्रेत्याला एकच सांगावे : प्रदर्शनातले निलगिरीचे गुळगुळीत खोड नको, यंत्र गावात आणून दाखव. गाठीची, दोन उन्हाळे खाल्लेली बाभूळ आम्ही आमच्या बांधावरून आणून ठेवतो.