गाडी लो, खर्च हाय!

रीलवर जमिनीला टेकलेली कार भारीच दिसते. मग स्वस्तातला जुगाड ठरतो : फक्त लोअरिंग स्प्रिंग टाकायच्या, शॉक अब्सॉर्बर कंपनीचेच ठेवायचे. पण गोची इथेच आहे. या स्प्रिंग आखूड आणि कडक. त्यांची उसळी आवरायला मूळ शॉक कमी पडतात, शिवाय दबायला जागाही कमी उरते. खड्ड्यात दणका बसतो, गाडी उड्या मारते, शॉक लवकर गळतात. म्हणजे खर्च वाचत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

वर कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. तेव्हा मित्रांनो, स्प्रिंगचा भाव विचारण्याआधी आरटीओचा नियम विचारा!